जुन्या घरात बाथरूम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे विदर्भात न्हाणी म्हणजे मागच्या दारी दोन फरश्या, एक रांजण आणि भोवती तुराट्यांचा कूड. घराच्या भिंती मातीच्या, वर कवेलू नाहीतर धाबं (मातीचं सपाट छत), आणि आंघोळीचं पाणी भिंतीपासून चार हात लांब. आता त्याच घरात टाइल्स, गिझर आणि कमोड हवा असतो. हवा तर हवाच, त्यात गैर काही नाही. पण मोबाइलवर दिसतात ते बहुतेक व्हिडिओ स्लॅबच्या फ्लॅटचे असतात. खालची उत्तरं मातीच्या किंवा माती-विटांच्या जुन्या घरांसाठी आहेत.

बाथरूम घरात काढावी की बाहेर?

भिंती मातीच्या असतील तर बाहेर, मागच्या बाजूला, आणि घरापासून तिथपर्यंत छताखालून जाता येईल अशी. कितीही चांगला मिस्त्री "आतच काढून देतो" म्हणाला तरी.

कारण सरळ आहे. दीड-दोन फूट जाडीची पांढऱ्या मातीची भिंत कोरडी असेपर्यंत धाब्याचा सगळा भार पेलते. तिचा खालचा एक फूट भिजत राहिला की तोच भाग आधी मऊ पडतो, आणि वरचं वजन तर तसंच असतं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती पडतात त्या बहुधा बुडातूनच पडतात. घरात बाथरूम म्हणजे त्या भिंतीला बारा महिने पावसाळा.

बाहेर बांधतानाही नवी भिंत जुन्या भिंतीला चिकटवू नका. नवीन पाया जुन्या पायापेक्षा जेवढा खोल जाणार, निदान तेवढं अंतर सोडा. जुन्या मातीच्या भिंतीचा पाया फार खोल नसतो. तिला लागूनच चार फुटांचा चर खणला तर भिंतीखालची माती चरात सरकते. मधल्या जागेवर पत्रा टाकला, खाली कोबा केला आणि एक दिवा लावला की झाला पॅसेज. रात्री म्हाताऱ्या माणसांना पावसात भिजावं लागत नाही, आणि घरही कोरडं राहतं.

जागाच नाही, आतच करावी लागेल. मग?

मग खोलीत खोली बांधा. मातीच्या भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवून आतून चार इंची विटांची, सिमेंटची स्वतंत्र भिंत, तिच्याखाली स्वतःचा काँक्रीटचा पट्टा. नळ, पाइप, टाइल्स सगळं या नव्या भिंतीवर. जुन्या भिंतीला एक खिळासुद्धा नको. मधली फट वरून-खालून हवेशीर ठेवा, पण तोंडाला बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर तिथे संसार मांडतात. खोली प्रत्येक बाजूने सहा-सात इंचांनी लहान होईल. ते परवडतं.

भिंत मातीची आहे की विटांची, कळणार कसं? वरून तर प्लास्टर आहे.

कोपऱ्यात हातभर जागेचं प्लास्टर काढून पाहा. फसवतं ते तिसऱ्या प्रकारचं घर: विटा पक्क्या भाजलेल्या, पण जोडाला सिमेंट नाही, माती. अशा भिंतीच्या जोडात स्क्रू ड्रायव्हर खुपसला की बोटभर आत जातो. पाण्याच्या बाबतीत ही भिंतसुद्धा मातीचीच धरा.

मातीच्या भिंतीवर जाळी मारून सिमेंट प्लास्टर केलं आणि टाइल्स लावल्या तर काय होतं?

दोन-तीन वर्षं छान दिसतं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. उन्हाळ्यात कोरडी होते, पावसाळ्यात थोडी दमट. तिच्यावर सिमेंट आणि टाइल्सचा थर चढला की जमिनीतून वर चढलेली ओल आणि टाइल्सच्या सांध्यातून मुरलेलं पाणी, दोन्हींना बाहेर पडायला वाट राहत नाही. ओल आत साचते. माती सिमेंटला सोडून देते. टाइल्सवर बोटाच्या पेराने टकटक केली की आधी खालच्या दोन ओळी पोकळ वाजतात, मग पाच-सहा टाइल्सचा तुकडा प्लास्टरसकट, जाळीसकट एकदम सुटतो. मागे दिसते ती ओली, काळपट, बोटाने उकरता येईल अशी माती. क्वचित त्यात उधळीची (वाळवीची) घरंही असतात.

म्हणून मातीच्या उरलेल्या भिंतीवर, म्हणजे बाथरूमच्या बाहेरच्या अंगालाही, मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा ठेवा. शेण-मातीने सारवलेली भिंत बुरसट दिसते असं नव्या सुनांना वाटतं, पण ती श्वास घेते.

जुनी न्हाणी उकरल्यावर काय काय तपासायचं?

फरशी उचलली की लगेच काँक्रीट ओतायची घाई करू नका. दोन दिवस उघडं राहू द्या. चार गोष्टी बघा.

पहिली, सागवानी खांब किंवा चौकट. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत जाड दाभण टोचून पाहा. चांगलं सागवान दाभण आत घेत नाही. बूड सडलं असेल तर दाभण सहज जातं, आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओलसर भुगा लागतो. असा खांब असेल तर आधी वरच्या म्यालीला (आडव्या तुळईला) टेकू द्या, सडका भाग कापा, खाली दगडी बैठक करा. बाथरूमचं काम त्यानंतर. म्याली-खांबांचं काम जाणणारे सुतार आता कमी राहिलेत, तरी तोच माणूस शोधा. नुसतं सेंट्रिंगचं काम केलेल्यावर हे सोपवू नका.

दुसरी, जुनी मोरी कुठे जाते ते. पुष्कळ घरांत ती भिंतीखालून जाते आणि भिंतीच्या मधोमध फुटलेली असते. तिसरी, उधळी. उघडी जमीन सापडली आहे तेव्हाच औषध टाकून घ्या, पुन्हा ही संधी येत नाही. मात्र विहीर जवळ असेल तर जमिनीत औषध ओतू नका. चौथी, खाली काळी माती आहे की मुरूम.

खाली काळी माती असेल तर एवढं काय बिघडतं?

सगळंच. कपाशीला जी माती देवासारखी, तीच बांधकामाला वैरी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी ती फरशीला वर ढकलते आणि खाली सोडते. त्यावर थेट कोबा केला तर दोन पावसाळ्यांत फरशीला आडवी चीर जाते, आणि वॉटरप्रूफिंगचं औषध कितीही महागाचं असलं तरी ते त्या चिरेबरोबर फाटतं.

निदान दोन-अडीच फूट काळी माती काढून टाका. मुरूम भरा, पण एकदम नाही. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मसने ठोकणं, मग पुढचा थर. ट्रॉली उलटी करून वर काँक्रीट ओतायचं काम रोज दिसतं. तो मुरूम पुढे बसतो आणि फरशी पोकळ राहते. पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे जाड पाइपाचा तुकडा बसवून त्यातून तो न्या, म्हणजे जमीन हलली तरी जोड तुटणार नाही. काळी माती आठ-दहा फूट खोल असेल आणि तुम्ही नवीन खोलीच बांधत असाल, तर पाया इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

काम कधी काढावं?

संक्रांत झाल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. जमीन कोरडी असते, विहिरीला पाणी असतं, ऊन सोसवतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी चालू असते, मजूर मिळत नाहीत. गडचिरोली-गोंदियाकडे मे महिन्यात माणसं तेंदूपत्त्याला जातात, आणि धानाच्या रोवणीत तर कोणी हाकेला ओ देत नाही. एप्रिल-मेमध्ये काम निघालंच तर प्लास्टरला सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं पुरत नाही, ओली पोती लावून ठेवावी लागतात. निदान सात दिवस.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. वेगळं काही करावं लागतं का?

हो, बरंच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या ज्या गावांचं भूजल खारं आहे, तिथे बाथरूम तीन ठिकाणी मार खाते.

पहिला मार बांधकामातच. बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये मिसळलं तर आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचा खालचा पापुद्रा पाडते. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, बिनसळईच्या काँक्रीटसाठी २,०००. गावात पाणी तपासायला वेळ नसेल तर सोपी रीत अशी: जे पाणी आपण पीत नाही ते स्लॅबला वापरायचं नाही. नळयोजनेचं पाणी ड्रममध्ये साठवा. बाथरूमच्या छोट्या स्लॅबला ते फार लागत नाही.

दुसरा मार नळांना. लोखंडी जीआय पाइप विसरा. प्लास्टिकचे घ्या: थंड पाण्याला यूपीव्हीसी, गरम पाण्याला सीपीव्हीसी. चकचकीत पण हलके, स्वस्त नळ आतून जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ते खाऱ्या पाण्यात लवकर झिजतात. घ्यायचा तर जड पितळी घ्या, नाहीतर सरळ पांढरा प्लास्टिकचा पीटीएमटी नळ घ्या. पाहुण्यांपुढे तो मिरवत नाही, पण टिकतो.

तिसरा मार गिझरला. टाकीला आतून काचेचा किंवा पॉलिमरचा लेप असलेलाच घ्या, आणि आतला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी उघडून बघा. तो दांडा टाकीऐवजी स्वतः झिजावा म्हणूनच बसवलेला असतो. संपला की मग टाकीची पाळी.

टाइल्सवरचे पांढरे डाग अॅसिडने काढू नका. अॅसिड डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं, आणि तिथूनच पाणी आत शिरतं. कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून लावा, दहा मिनिटांनी घासा. सांध्यांना एपॉक्सी ग्राउट परवडत असेल तर या पट्ट्यात तेच भरा.

वॉटरप्रूफिंग किती करायचं?

फरशी आणि भिंतीचा खालचा एक फूट सलग, जिथे अंगावर पाणी घेता तिथे खांद्याच्या वरपर्यंत. सिमेंटमध्ये मिसळून लावायचा दोन भागांचा पॉलिमर लेप गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दोन हात, एक उभा, एक आडवा. कोपऱ्यात आधी सिमेंटची गोलाई काढा, कारण लेप फाटतो तो काटकोनातच.

मग पाइपाचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी भरा आणि चोवीस तास सोडा. पातळीवर खडूची रेघ मारून ठेवा. उन्हाळ्यात थोडं पाणी हवेतही उडतं, म्हणून शेजारी तेवढंच पाणी भरलेलं एक घमेलं ठेवा आणि दोन्हीकडची घट ताडून पाहा. मिस्त्री म्हणेल याची गरज नाही. टाइल्स त्यानंतरच.

फरशीला उतार किती?

फुटाला पाव इंच, मोरीकडे. दारापासून मोरी सहा फुटांवर असेल तर दीड इंचाचा फरक पडला पाहिजे. काम संपलं की बादलीभर पाणी ओता; कुठेही डबकं राहिलं तर मिस्त्री जायच्या आत दाखवा. मोरीला न्हाणी ट्रॅप बसवा आणि त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहतंय ना ते पाहा. वास, झुरळं आणि पावसाळ्यात नालीतून वर येणारे साप-विंचू, या सगळ्यांना तेवढं पाणी आणि वरची जाळी अडवते. गावाला गेलात की ट्रॅप सुकतो. आल्यावर आधी तांब्याभर पाणी ओता.

सांडपाणी कुठे सोडायचं? नाली नाही आमच्याकडे.

सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात. केळी, अळू, कर्दळ यांना सोडा. जागा कमी असेल तर शोषखड्डा: साधारण तीन फूट लांब, रुंद, खोल, खाली मोठे दगड, वर लहान, आणि आधी एक छोटी टाकी, जिच्यात केस, साबणाचा साका, कपड्यांचे धागे अडकतील. ही टाकी महिन्यातून एकदा साफ केली नाही तर खड्डा वर्षभरात तुंबतो.

काळ्या मातीत मात्र तीन फुटांचा खड्डा म्हणजे नुसतं टाकं. ती माती ओली झाली की पाणी मुरूच देत नाही. मुरूम लागेपर्यंत खोल जा. मुरूम फारच खाली असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा आणि पाणी झाडांना पसरू द्या. खड्डा भिंतीपासून निदान दहा फूट लांब, आणि घराच्या उताराच्या बाजूला.

संडास जोडून घ्यायचा आहे. शोषखड्ड्यांचा आहे, आता फ्लशचा कमोड बसवता येईल?

बसवता येईल, पण हिशेब समजून घ्या. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला जे खोलगट, तीव्र उताराचं ग्रामीण भांडं असतं त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. जुन्या पद्धतीची टाकी एका दाबाला दहा लिटर सोडते. खड्डा तोच आणि पाणी पाचपट, तर काळ्या मातीत श्रावणात तो तोंडापर्यंत भरलेला दिसेल. कमोड घ्यायचाच तर कमी पाण्याचा, दोन बटणांचा घ्या. आंघोळीचं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका, ते वेगळंच काढायचं.

दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवलेले अनेक घरांत सापडतात. ते चूक आहे. मधल्या चेंबरमध्ये एक तोंड विटेने बंद हवं. एक भरला की दुसरा उघडायचा, आणि पहिला निदान दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा. मग आतल्या मैल्याचं निर्धोक, बिनवासाचं खत झालेलं असतं. खड्डा विहिरीपासून, हातपंपापासून पन्नास फूट तरी लांब पाहिजे.

जुनी सेप्टिक टँक आहे. उतरून साफ करून घ्यावी का?

कोणालाही आत उतरवू नका. पैसे घेऊन कोणी तयार झाला तरी नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून सक्शनची गाडी बोलवा. टाकी उघडली की जवळ विडी-काडी नको.

गिझर कोणता? व्होल्टेज कमी असतं.

तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला तेरा अॅम्पिअर ओढतो. घराचं जुनं वायरिंग त्यासाठी नाही. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची वेगळी तार, सोळा अॅम्पिअरचं सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), यातलं काहीही गाळायचं नाही. व्होल्टेज १८० वर आलं की त्याची ताकद साठ टक्क्यांवर येते, पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. गिझर बिघडला असं समजून बदलू नका.

गॅसचा गिझर बाथरूमच्या आत कधीही नको. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. तो बाहेरच्या भिंतीवर लावा.

आणि घरात तांब्याचा बंब असेल तर भंगारात देऊ नका. पराट्या-तुराट्या (कपाशीची, तुरीची वाळलेली धाटं) शेतात फुकट पडलेल्या असतात. बंब मात्र उघड्यावर किंवा पॅसेजच्या टोकाला, धूर बाहेर जाईल असा.

उन्हाळ्यात नळाला उकळतं पाणी येतं, काही उपाय?

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी लेकरावर ओतण्यासारखं नसतं. पांढरी, थरांची टाकी घ्या, तिच्यावर हिरवी नेट किंवा पत्र्याची सावली करा. पत्र्यावरून जाणारा उघडा पाइप टाकीपेक्षा जास्त तापतो आणि उन्हाने कडकही होतो, म्हणून तो भिंतीच्या उत्तर बाजूने उतरवा. हातपाय धुवायला बाथरूममध्ये एक माठ-रांजण ठेवला तर कुठल्याही तंत्रज्ञानाची गरज नाही.

आई-बाबांसाठी काय लक्षात ठेवू?

उंबरठा नको, पाणी अडवायला अर्धा इंचाचा उतार पुरतो. दार बाहेर उघडणारं, अडीच फुटांचं. आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडून बसतं. कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा, तो पक्क्या विटेत. बटण बाहेर, दाराजवळ. टाइल्स खरखरीत. दुकानात टाइल ओली करून, चप्पल काढून पाय घासून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

टाइल्स किती लागतील?

पाच बाय सात फुटांच्या बाथरूमला, सात फूट उंचीपर्यंत, दार वजा जाता भिंतीला दीडशे चौरस फूट आणि खाली पस्तीस. तुटफुटीला दहा टक्के वाढवा आणि उरलेल्या चार-सहा जपून ठेवा, तोच रंग पुन्हा मिळत नाही. रंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही, फक्त खाऱ्या पाण्यात गडद रंग घेऊ नका.

ग्रामपंचायतीची परवानगी लागते का? अनुदान मिळतं का?

आतल्या दुरुस्तीला कोणी विचारत नाही. नवीन खोली बांधत असाल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि नमुना आठवर (ग्रामपंचायतीच्या घरांच्या कर आकारणी नोंदवहीत) नोंद करून घ्या. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर काम काढायच्या आधी त्यांच्याशी बोला. कागदापेक्षा त्याने जास्त भांडणं टळतात. स्वच्छ भारत अभियानाचे १२,००० रुपये शौचालय नसलेल्या पात्र कुटुंबाला नवीन शौचालयासाठी असतात, टाइल्स बदलायला नाहीत.

मिस्त्रीशी बोली करताना काय ठरवावं?

कामाचे टप्पे पाडून पैसे द्या: मुरूम भरून झाल्यावर, पाइपाची चाचणी झाल्यावर, पाणी भरून ठेवल्याची चाचणी झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता टाइल्स लागून आठ दिवसांनी. मलबा कोण उचलणार, हे आधीच बोला. आणि पाइप झाकायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना हे फोटो लागतात.